आवाजाचा रकाना

माझे दोन्ही मुलगे हुशार आहेत, आणि तेच आमचं दुखणं आहे. एक जरी मठ्ठ निघाला असता तर घरात भांडण झालं नसतं.

थोरला बँकेत कॉम्प्युटर सांभाळतो. धाकटा लग्नांचे व्हिडिओ जोडून देतो. दोघं एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरात एकमेकांच्या उरावर बसायला निघाले होते, आणि कारण काय, तर एक डबा. घरातल्या सगळ्यांना आपापल्या फोनवरून उघडता येईल असा, आत डिस्क असलेला साठवणीचा डबा.

त्यात ठेवायचा होता यांचा आवाज. हे म्हणजे माझे यजमान. भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. 'एक वार, दोन वार' सुरू झालं की पलीकडच्या रस्त्यावरचे हमाल थांबून ऐकायचे. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या आवाजातली नुसती हवा उरली. कुजबुजतात, तेही बेताचंच. ऑपरेशनच्या आधी मुलांनी त्यांचं पुकारणं, गप्पा, शिव्यासुद्धा तासन्‌तास भरून घेतल्या होत्या. त्या जपायच्या म्हणून हा घोळ.

"डिस्क सर्व्हरच्याच घ्यायच्या," थोरला म्हणाला. "दिवसरात्र फिरल्या तरी मरत नाहीत. आणि एकीची नक्कल दुसरीवर. एक गेली तरी बाबांचा आवाज राहतो."

"आणि प्रोसेसर बैलगाडीचा!" धाकटा म्हणाला. "दादा, तुझ्या डब्यातून एक फाइल उघडेपर्यंत माणूस म्हातारा होईल. चार डिस्क मावतील असा चार कप्प्यांचा घे, मेमरी वाढव."

"लग्नात नाचणाऱ्या मामांचे व्हिडिओ ठेवायचे असतील तुला."

"ते तरी मी कापतो. तू नुसते पासवर्ड बदलून देतोस लोकांना."

थोरल्यानं लॅपटॉपवर तक्ता केला होता. डबे एकाखाली एक, गुण आडवे. कप्पे, मेमरी, वेग, डिस्कची हमी, वीज. दोघं त्यावर बोटं आपटत होते आणि माझं दूध उतू जात होतं. मी म्हटलं, "मेल्यांनो, बापाला विचारलंत का?" तर म्हणे, बाबांना यातलं काय कळणार.

मी आत जाऊन यांना सगळं सांगितलं. ते हसले, म्हणजे खांदे हलले. मी कान जवळ नेला तेव्हा म्हणाले, "माल न बघताच बोली लावताहेत."

शेवटी दोघांचाही हट्ट पुरा झाला. थोरल्याच्या दणकट डिस्क आणि धाकट्याचा चार कप्प्यांचा डबा. तो तापतो म्हणून मागं पंखा. ठेवायचा कुठं? तर यांच्या खोलीत, कारण इंटरनेटची तार तिथंच येते आणि वायफायवर म्हणे वेग मरतो. माणूस मेला तरी चालेल, वेग मरता कामा नये.

डबा सुरू झाला. पंख्याची घरघर आणि आत डिस्कची करकर, कुणी दात खात बसल्यासारखी. "जुन्या फाइली चढताहेत, मग शांत होईल," थोरला म्हणाला. कसला शांत होतोय! फाइली चढल्या, तर आता म्हणे दोन्ही डिस्क एकमेकींशी ताडून बघतात. दोघं आपापल्या घरी निघून गेले. त्यांना काय, करकर आमच्या उशाशी.

आता एक सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यांना घंटी आणून दिली होती, ती त्यांनी भिरकावली. पाटीवर लिहीत नाहीत. बाजार गाजवलेला माणूस, तो घंटी वाजवणार? काही हवं असलं की खोलीतून नुसतं "अगं" म्हणतात. तेवढंसं "अगं" मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. शेजारीण म्हणते, तुमचे कान आहेत की काय आहे! कान कसले, सवय आहे. मी "आले" म्हणते आणि जाते. आमचा संसार आता या दोन शब्दांवर चालतो.

डबा आल्यापासून "अगं" बंद झालं. मी आपणहून गेले की पाणी घेत, पण तोंड फिरवून. मला वाटलं, रुसलेत. कशावरून, देव जाणे. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, बोलायचं नाही ना, नका बोलू, माझंही तोंड शिवलंय. ताट ठेवायची, ताट उचलायची. या वयात अबोला! हसू नका, मला तेव्हा रडूच येत होतं.

रविवारी दोघं डबा बघायला आले. बापाला नव्हे, डब्याला. धाकट्यानं फोनवरून फाइल लावली आणि खोलीत यांचा जुना आवाज घुमला, "बोला, बोला, टोमॅटो लालभडक, एक वार!" माझ्या अंगावर काटा आला. पलंगाकडे बघितलं तर यांचे ओठ हलत होते. काहीतरी म्हणत होते.

थोरल्यानं हात वर केला. "शू! बाबा, एक मिनिट. ऐकू द्या ना."

बापाचा आवाज ऐकायचा म्हणून बापाला गप्प करत होता.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, तरी मला काही ऐकू आलं नाही. नुसते ओठ दिसले. पण ती हालचाल मी ओळखते. "अगं" म्हणत होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. हा माणूस त्या घरघरीत रोज हाका मारत होता. मी आले नव्हते.

मी भिंतीतून डब्याची वायर ओढली.

"आई! डिस्क जाईल! लिहिणं चालू होतं!" थोरला किंचाळला.

"जाऊ दे मसणात! तुझ्या त्या तक्त्यात आवाजाचा रकाना होता का रे?"

"होता," धाकटा म्हणाला. "दादानंच काढून टाकला. म्हणाला, डबा काय उशाशी घेऊन झोपायचंय?"

"आणि मोठा पंखा कुणाला हवा होता?" थोरला त्याच्यावर धावला.

"गप्प बसा दोघं!" मी अशी ओरडले की खरोखरच गप्प बसले.

करकर थांबली होती. मी पलंगावर वाकले. हे हळूच म्हणाले, "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

"आला असता तर तोंडावर सांगितलं असतं हो! मी काय तुम्हाला घाबरते?" मी म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"काय म्हणाले?" थोरल्यानं विचारलं. धाकट्याचंही तेच. दाराशी उभे राहून विचारत होते, पाय पुढं टाकायचं नाव नाही.

मी सांगितलं नाही. वायर गुंडाळली आणि पिठाच्या डब्यात खाली दडवली. दोघांचे फोन येतात, आई, वायर दे, डिस्क तपासायच्या आहेत. मी म्हणते, आधी बापाजवळ बसा, ते काय म्हणतात ते ऐकून मला येऊन सांगा, मग वायर.

वायर अजून पिठातच आहे.