एकही फेल नाही

टेस्ट पास झाली आणि मी घाबरले. हसू नका. ती नापास व्हायला हवी होती.

आमचं ऑफिस महापेला. नावड्याजवळच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही थंडाव्यासाठी फिरणारा अमोनिया गळला तर वाजणाऱ्या अलार्मचा प्रोग्राम लिहिला. तो तपासायला निशांतने, माझ्या सीनियरने, स्वतःच एक इवलंसं टेस्टिंग फ्रेमवर्क बनवलं होतं. चूक सापडली तरच ते बोलणार, नाहीतर चिडीचूप. "उगाच बडबड कशाला?" म्हणे. त्याच भरवशावर आज सकाळी अलार्म तिथे चालू झाला. आणि तिथले कॉम्प्रेसर चालवतात माझे वडील, आप्पा.

दुपारी मी एक नवी टेस्ट लिहिली: सेन्सरची वायर तुटली तरी अलार्म वाजला पाहिजे. ही सोय मी कोडमध्ये अजून केलीच नव्हती. तरी फ्रेमवर्क गप्प. मग मी लिहिलं, दोन अधिक दोन पाच. तरीही गप्प.

"निशांत, हे काहीच तपासत नाहीये."

तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "अरे यार, मी टेस्टचा फोल्डर हलवला होता. हे अजून जुन्याच, रिकाम्या फोल्डरमध्ये बघतंय."

"कधीपासून?"

तो तारखा शोधायला लागला. मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली, पण तेवढा वेळ कुठे होता? फोल्डर बदलला, पुन्हा चालवलं. वायरची टेस्ट फेल झाली, ती होणारच होती. तिच्याखाली आणखी एक, जुनी. मशीनरूममध्ये दोन सेन्सर. एकाला जरी गॅस लागला तरी अलार्म वाजायला हवा. माझा कोड दोघांची वाट बघत होता. सकाळी ट्रायलला दोन्हींना एकदमच गॅस दाखवला, म्हणून वाजला. चूक माझीच, दुसऱ्या कोणाची नाही. मला रडू फुटायला लागलं.

"तू कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरला फोन लाव," मी निशांतला म्हटलं आणि आप्पांना फोन केला. रिंग वाजत राहिली. देवा, उचला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला.

"आप्पा, कुठे आहात?"

"मशीनरूममधी. का गं?"

"आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. सगळ्यांना घेऊन."

"आगं, अलार्म कुठं वाजलाय? तूच बनवलायस न्हवं?" ते खोकले. "वास तर हितं रोजचाच. सकाळपास्नं डोळं तेवढं चुरचुरत्यात. म्हटलं, जागरनानं आसंल."