साचा घेताना हसू नका

मोटरसायकल तिला बाबांनीच शिकवली होती, पण वाऱ्याच्या घोंघावण्यानं कान बधिर झाले की ती अर्ध्या घाटातूनच माघारी वळायची. म्हणून बाबा तिला कानाच्या मापाचे इअरप्लग करून घ्यायला एका दवाखान्यात घेऊन गेले. कानांत मऊ लगदा भरून तिथल्या बाई म्हणाल्या, "हसू नका, साचा बिघडेल."

"काळजी नको," बाबा म्हणाले, "माझ्या विनोदांना ही आजवर हसलेली नाही."

ती खो खो हसली. साचा वाया गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

महिन्याभरानं ती एकटीच पुन्हा त्या बाईंकडे गेली. साचा पहिल्याच खेपेला जमला. तयार झालेले प्लग घालून तिनं गाडी घाटाला लावली. वारा बाहेरच गुरगुरत राहिला आणि तिनं एका दमात माथा गाठला. हेल्मेट काढून, कधीच न म्हटलेलं ती मोठ्यांदा म्हणाली, "बाबा, फार छान शिकवलंत हो मला!"