गुरुवारचं टेबल

सेकोंदोने खानावळीच्या बंद दारावर पुन्हा थाप मारली, मग काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. काउंटरवरचं कॉफीचं यंत्र कुणीतरी उचलून नेलं होतं आणि त्याच्यामागे भिंतीवर फिकट चौकोन तेवढा उरला होता.

"म्हातारा गेला की काय?" पिएराने गाडीतूनच विचारलं. धुकं आत येऊ नये म्हणून तिने काच बोटभरच खाली केली होती.

"गेला असता तर दारावर कुणीतरी कागद लावला असता. दमला असेल. विकून टाकलं असेल."

"फोन करून यायला हवं होतं. मी म्हटलं होतं."

"तू म्हणालीस, फोन कशाला, इतकी वर्षं जातोय."

"असं मी म्हणणं शक्यच नाही."

सेकोंदो येऊन गाडीत बसला. गुडघा आत घेताना त्याला दोन्ही हातांनी पाय उचलावा लागला. पिएराने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आस्तीहून निघायचं, टेकड्यांमधल्या एखाद्या गावात जेवायचं, चर्चपर्यंत पाय मोकळे करायचे, चीज नाहीतर वाइनची बाटली घेऊन उजेडी परतायचं, असा चौघांचा नेम होता. चौघं म्हणजे सेकोंदो आणि त्याची बायको निवेस, पिएरा आणि रेल्वेत नोकरीला असलेला तिचा नवरा ओरेस्ते. ओरेस्ते तीन हिवाळ्यांपूर्वी गेला, त्याच्या मागोमाग निवेस. उरले ते नेमके हे दोघं, ज्यांचं एकमेकांशी कधीच जमलं नव्हतं. सेकोंदोने जन्मभर ट्रॅक्टर विकले होते. गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत तोंड मिटायचं नाही, ही सवय त्याने घरीही आणली. पिएरा प्राथमिक शाळेत बाई होती. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती त्यातली चूक काढायची. जाता-येता हे दोघं पुढच्या सीटवर वाद घालत असत आणि ओरेस्ते नि निवेस मागे बसून आपापल्या खिडकीबाहेर पाहत असत.

दोघंच उरल्यावर हा नेम कुणीतरी मोडायला हवा होता. पण मोडायचा तर त्याबद्दल बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा गाडी काढणं सोपं होतं.

"ऐक," सेकोंदोने किल्ली फिरवली नाही. "मुलगी गाडी नेणार आहे. डिसेंबरात लायसन संपतंय, ते मी पुन्हा काढत नाहीये. डोळेही धड नाहीत, गुडघाही नाही. ही शेवटची फेरी."

तो काहीतरी टोमणा येईल म्हणून थांबला. पिएराने हातमोज्याचं एकेक बोट ओढून सरळ केलं.

"मग मोंताल्वोला जाऊ," ती म्हणाली.

"मोंताल्वोचा रस्ता खराब आहे."

"तो रस्ता तू गेली पंचवीस वर्षं खराबच ठेवलायस. तिकडे जेवण मिळतं. चल, दोनला स्वयंपाकघर बंद होईल."

सेकोंदोने गाडी सुरू केली. रस्ता चांगलाच होता. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे होते, तोडणी होऊन महिना झालेला, पानं गंजल्यासारखी लाल. वरच्या टेकड्या धुक्यात बुडालेल्या. गाडी चालवताना त्याच्या डोक्यात एक जुना गुरुवार आला होता.

त्या गुरुवारी तो मोंताल्वोच्या एका शेतकऱ्याकडे निघाला होता. सौदा जवळजवळ झालेला. चौकात ओरेस्तेची पांढरी गाडी दिसली म्हणून त्याने ब्रेक दाबला, आणि मग खानावळीच्या खिडकीतून आत निवेस दिसली. दर गुरुवारी ती वृद्धाश्रमात मावशीला भेटायला जायची. तिच्या समोर ओरेस्ते बसला होता. सेकोंदोने काय केलं, तर गाडी वळवली आणि घरी आला. तो ट्रॅक्टर दुसऱ्याच कुणीतरी विकला. संध्याकाळी निवेस आली, मावशी बरी आहे म्हणाली, आणि त्याने नव्या नांगराबद्दल बोलायला सुरुवात केली. झोपेपर्यंत तो बोलतच राहिला. त्यानंतर आयुष्यभर त्याने ना तिला विचारलं, ना मित्राला. पिएराला तर त्यातलं काहीच कळता कामा नये, एवढंच त्याने ठरवलं होतं. तिच्याशी पटत नव्हतं, पण म्हणून तिच्या घरात आग लावायची नव्हती.

खानावळीत सहा टेबलं होती. एका टेबलावर एक कुटुंब केकपर्यंत पोचलं होतं. मालकीणबाई डेल्फिना सत्तरीच्या पुढची, बुटकी, कमरेला ॲप्रन. रेडिओवर फुटबॉलच्या सामन्याचं वर्णन चालू होतं.

"दोघंच ना? बसा कुठेही. उशीर झालाय, जे आहे ते वाढते. मटणाच्या रश्शातल्या, सारण भरलेल्या आन्योलोत्ती आहेत. आणि भाज्या बुडवून खायला गरम बान्या काउदा, लसूण चालत असेल तर."

"मला नाही चालत," पिएरा म्हणाली.

"तुला कधीपासून चालत नाही?" सेकोंदो म्हणाला. "माझ्या मुलीच्या लग्नात अख्खा वाडगा…"

"आन्योलोत्ती. दोघांनाही. आणि बार्बेरा वाइन, अर्धा लिटर."

डेल्फिना आत गेली. सेकोंदो भिंतीकडे तोंड करून बसला होता. खिडकीकडे पाठ करावी म्हणून त्याने मुद्दाम ती खुर्ची घेतली होती.

"कुठलं टेबल असेल?" पिएराने विचारलं.

"कुणाचं?"

"सेकोंदो, आता पुरे. दमले रे मी."

त्याने पावाचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"तुला कसं कळलं?" शेवटी तो म्हणाला.

"लसणाने." ती हसली नाही. "गुरुवारी संध्याकाळी ओरेस्ते घरी यायचा, भूक नाही म्हणायचा, आणि तोंडाला हा वास. रेल्वेच्या कँटीनमध्ये कोण बान्या काउदा देतं? आणि शुक्रवारी सकाळी शाळेत जाताना बाजारात निवेस भेटायची, तिलाही तोच. दोनदा झालं, तीनदा झालं. मला गणित येतं, मी शिकवत होते. पुढे एकदा थंडीत, गुरुवारीच, शाळेचा बॉयलर बंद पडला, मुलांना घरी सोडलं. त्याच्या खिशात इथली पावती सापडली होती, म्हणून बस पकडून इथवर आले. चौकात उतरले, त्याची गाडी पाहिली आणि त्याच बसने परत गेले."

"मला बोलली नाहीस."

"तुला काय बोलणार? तेव्हा तुला माहीत नाही असं वाटलं. तू मोंताल्वोचा रस्ता टाळतोस हे फार पुढे लक्षात आलं. तू हसतखेळत असायचास. म्हटलं, हा बडबड्या मोडून पडेल."

सेकोंदोने ग्लास पुढे ओढला, पण वाइन अजून आली नव्हती. तो रिकामाच परत ठेवला.

"मला वाटलं, तू मोडशील," तो म्हणाला.

डेल्फिना वाइनचा चंबू आणि वाफाळत्या बशा घेऊन आली. तिने बशा ठेवल्या, चीज किसलं आणि जायला वळली, तेव्हा पिएराने तिच्या ॲप्रनचं टोक धरल्यासारखा हात पुढे केला.

"बाई, जुनी गोष्ट विचारते. इथे गुरुवारी दोघं यायचे. तो उंच, रेल्वेतला. ती बारीक, केसांचा अंबाडा."

सेकोंदोने चमचा खाली ठेवला. "पिएरा, कशाला."

पण डेल्फिनाचा चेहरा उजळला होता.

"अय्या, ते मुके!" ती म्हणाली. "आम्ही त्यांना मुकेच म्हणायचो. माझा नवरा होता तेव्हा. तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळख होती."

"त्या कोपऱ्यात बसायचे, शेगडीजवळ. यायचे, जेवायचे, आणि एक शब्द नाही बघा. तो खिडकीतून बाहेर बघत बसायचा. ती विणायची, नाहीतर जेवण झालं की खुर्चीतच डोळा लागायचा तिचा. तो तिच्या अंगावर कोट टाकायचा आणि परत खिडकीबाहेर बघायचा. पहिल्यांदा मला वाटलं, भांडून आलेत. मग म्हटलं, कुणी वारलंय. पण दर आठवड्याला कोण वारणार? शेवटी मी तिला एकदा विचारलंच, म्हटलं बाई, जेवण आवडत नाही का?"

"मग?"

"म्हणाली, नाही हो, सगळं छान आहे. घरी फार बोलणं असतं, इथे जरा कान निवतात. त्याच्याही घरी तसंच आहे म्हणाली." डेल्फिनाने टेबलावरचे पावाचे कण तळहातात गोळा केले. "त्याच्या घरी म्हणाली म्हणजे नवराबायको नसणार, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण मी सांगते तुम्हाला, तसलं काही नव्हतं. तसले येतात ना, ते सारखे बोलतात, नाहीतर रडतात. हे दोघं नुसते बसायचे. चारला उठायचे, थँक्यू म्हणायचे आणि निघायचे. बरे आहेत ना?"

"नाहीत," पिएरा म्हणाली. "दोघंही गेले."

"अरेरे." डेल्फिनाने ॲप्रनला हात पुसले. "भली माणसं होती. जेवा, गार होतंय."

ती गेली. पलीकडचं कुटुंब उठलं, मुलांचे कोट, स्कार्फ, निरोप असा गलका झाला आणि दार बंद झालं. रेडिओवर कुणीतरी गोल चुकवला.

सेकोंदोने खायला सुरुवात केली. आन्योलोत्ती चांगल्या होत्या, रस्सा दाट आणि गरम. त्याला तसं सांगावंसं वाटलं. मग निवेसने आपल्याला कधी गप्प बस म्हटलं होतं का, ते तो आठवू लागला. तिने कधीच म्हटलं नव्हतं. ती "हो का" म्हणायची. तो नांगराबद्दल सांगत असला तरी, सरकारबद्दल सांगत असला तरी, हो का. इतकी वर्षं त्याने एक मोठी गोष्ट उरात दाबून ठेवली होती, तिला माफही करून झालं होतं, आणि त्या माफीचा त्याला थोडा अभिमानही होता. आता माफ करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. उलट आता माफी त्यानेच मागायची होती, आणि ती ऐकायला निवेस उरली नव्हती.

त्याने समोर पाहिलं. पिएराचं तोंड उघडं होतं, काहीतरी म्हणायच्या बेतात. तिने ते मिटलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"ती शेवटी शेवटी…" सेकोंदो म्हणाला आणि थांबला.

पिएराने वाक्य पूर्ण केलं नाही. चूकही काढली नाही. त्याच्या ग्लासात वाइन ओतली, आपल्या ग्लासात ओतली, चंबू मध्ये ठेवला.

त्यांनी जेवण संपवलं. डेल्फिनाने न विचारता हेझलनटच्या केकचे दोन तुकडे आणून ठेवले, शेगडीत एक लाकूड सरकवलं आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली. खिडकीबाहेर धुकं चौकात उतरलं होतं. गाडी आहे की नाही तेही दिसत नव्हतं. परतीचा रस्ता लांब होता, उजेड जायच्या आत निघायला हवं होतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

पिएराने केकचा एक घास खाल्ला, काटा बशीवर ठेवला आणि डोकं मागे भिंतीला टेकवलं. तिने डोळे मिटले. आधी सेकोंदोला वाटलं, ती रडतेय. मग तिची हनुवटी जरा सैल पडली आणि श्वास संथ झाला.

डेल्फिना बशा उचलायला आली. सेकोंदोने तळहात वर करून तिला थांबवलं. ती दोघांकडे पाहत क्षणभर उभी राहिली, मग काउंटरपाशी जाऊन तिने रेडिओ बंद केला.

सेकोंदोने हळूच खुर्ची वळवली, आवाज होऊ न देता, आणि खिडकीबाहेर पाहत बसला.