हिरवं पातळ

बोरी अरबमध्ये हंसाबाईच्या हिरव्या पातळाची थट्टा करायला फार अक्कल लागत नसे. बाई रोज तेच नेसते, नवऱ्यानं दुसरं घेतलंच नाही का, असं नळावर कोणीतरी विचारायचं आणि बाकीच्या हसायच्या. हंसाबाई मूग गिळून हंडा भरायची. तिची वैष्णवी बोलत नव्हती, नजरेला नजर देत नव्हती, आणि ते पातळ समोर असल्याशिवाय घास घेत नव्हती. एकदा लग्नासाठी हंसाबाई जांभळी साडी नेसली. पोरगी जेवेना, तसं सगळं घर घास घेऊन तिच्या मागं फिरलं, पण तिनं दिवसभर तोंड उघडलं नाही. तेव्हापासून जेवणाच्या वेळी हिरवं पातळ, हा त्या घरातला कायदा झाला. एक विरलं की तसंच दुसरं शोधून आणायचं. हसणाऱ्यांचं काय जातं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

अशा लेकरांच्या चार आया गावात होत्या. यवतमाळच्या शिबिरात त्यांची गाठ पडली. तिथं डॉक्टरांनी 'स्वमग्न' हा शब्द हाती दिला, पण कापूस वेचायला जाताना लेकरू कुठं ठेवायचं ते काही सांगितलं नाही. मग बायांनी आपल्या ओळखीचाच उपाय काढला, सावडीचा. वावरात जसं आज सगळ्यांनी मिळून तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं, तशीच ही लेकरांची सावड. एकीनं घरी थांबून सगळ्यांची मुलं सांभाळायची, बाकीच्यांनी बिनघोर कामाला जायचं. हंसाबाईनं आपली पाळी कधी चुकवली नाही, पण वैष्णवीला मात्र ती दुसऱ्या घरी जेवायला ठेवत नसे. जेवणाच्या आत वावरातून धापा टाकत परत. माझ्याशिवाय ती खातच नाही, म्हणायची. त्यात काळजी होती तितकाच अभिमानही होता, पण हे तिला सांगणार कोण?

दिवाळीनंतर हंसाबाईचं अंगावरून जाणं थांबेना. पिशवी काढावी लागेल, डॉक्टर म्हणाले, काही दिवस यवतमाळला दवाखान्यात राहावं लागेल, आणि आता टाळाटाळ केली तर जिवावर बेतेल. तरी हंसाबाईनं दोनदा तारीख टाळली. मरणाची भीती तिला होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की आपण गेलो तर पोरगी भरल्या ताटासमोर उपाशी मरेल. सासू रामीबाईला वैष्णवी अंगाला हात लावू देत नसे, आणि बाप किसनराव घास घेऊन आला की खाटेखाली शिरायची.

शेवटी सावडीतली कांताबाई घरी आली. ही बौद्ध वस्तीतली, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. तिचा संघदीपही असाच, आपल्याच नादातला. तिनं समजुतीचं काही बोलायच्या आधी हात पुढं केला.

"पातळ मले दे. मी नेसीन अन् चारीन तिले."

रामीबाई उंबऱ्यातच उभी राहिली. सुनेचं ऑपरेशन तोंडावर आलेलं, आणि सवाष्णीचं हिरवं पातळ विधवेच्या अंगावर, तेही त्या वस्तीतल्या. असलं अपशकुनी काम या घरात होणार नाही, असं तिनं ठणकावलं. कांताबाई शकुन-अपशकुन मानत नव्हती. पण लोकांच्या नजरा नकोत म्हणून नवऱ्यामागं तिनंही हिरवा रंग अंगाला लावला नव्हता. ती जायला उठली.

हंसाबाई आत गेली, पातळ बदलून आली आणि घडी घालू लागली. सासूचं म्हणणं तिला खोटं वाटत होतं असं नाही. लहानपणापासून मनात बसलेलं असं एका दुपारीत निघत नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली, "माह्या मांगं हिले कोण चारीन, थे सांगा. मंग नाई देत मी पातळ."

रामीबाई उंबऱ्यातून बाजूला झाली. पातळ कांताबाईच्या हातात गेलं, आणि वैष्णवी तिच्या घरी.

ऑपरेशन नीट झालं. किसनराव दवाखान्यातून रोज फोन लावायचा आणि कांताबाई रोज एकच सांगायची, पोरगी चांगली आहे, तुम्ही तिकडचं पाहा. हंसाबाईला ते खरं वाटेना. आजाऱ्याला खरं सांगतं कोण? दवाखान्यातलं ताट ती तसंच परत पाठवायची.

सुट्टी झाली त्या दिवशी ती घरी न जाता ऑटोनं थेट कांताबाईच्या दारात उतरली. पहिली नजर गेली ती दोरीवर. हिरवं पातळ तिथं वाळत होतं. जेवणाची वेळ, आणि पातळ दोरीवर! म्हणजे पोरगी उपाशीच.

आत कांताबाई जुन्या निळ्या साडीत जेवत बसली होती. शेजारी संघदीप. आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसलेली वैष्णवी हात मागं नेऊन तिच्याच ताटातला वरणभात घेत होती, खात होती.

कांताबाईनं हळू आवाजात सगळं सांगितलं. पातळ नेसून घास पुढं केला, तर पोरीनं तोंड फिरवलं. पुन्हा केला, पुन्हा फिरवलं. मग कांताबाईच हरली, रडली, आणि आपल्यापुरतं वाढून घेऊन पोरीकडं पाठ करून बसली. थोड्या वेळानं ताटात एक लहान हात आला.

"पातळ तं तवापासून दोरीवरच हाय," ती म्हणाली. जणू तिच्या हातून काही चुकलंच होतं.

हंसाबाई भिंतीला धरून खाली बसली. टाके ओढले गेले, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. म्हणजे पोरीचं जेवण अडलं होतं ते पातळावर नव्हतंच. आणि आपल्यावरही नव्हतं. घास घेऊन मागं लागणारं, तोंडाकडं बघत बसणारं कोणी तिला नको होतं, एवढंच. वैष्णवीनं मान वर करून आईकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि ते तिला लागलं, फार लागलं. मग तिला रडू फुटलं. त्यात दुःख किती आणि सुटका किती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"कांता, आता मी मेली तरी चालीन."

"काहून मरतं? बरी झाली का सावडीत तुही पाळी हाय," कांताबाई म्हणाली आणि ताट तिच्याकडं सरकवलं.

ते पातळ आता तूच नेस, असं हंसाबाईनं तिला सांगितलं. मग ती कष्टानं सरकली, लेकीकडं पाठ करून बसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पोरीच्या तोंडाकडं न बघता तिनं स्वतः घास घेतला.