एकदाच घेतलेलं नाव

शाळेच्या शिपायानं आणून दिलेली चिठ्ठी तीनच ओळींची होती. कु. तारा, इयत्ता दुसरी, चालू महिन्यात नऊ दिवस गैरहजर. पंधरा दिवस भरल्यास नाव कमी करण्यात येईल. पालकांनी समक्ष भेटावे.

अनुपमानं ती दारातच दोनदा वाचली. तिला आधी हसूच आलं. कारण सबंध अकोल्यात ताराला जितकं सांभाळून शाळेत नेलं जायचं तितकं कुणाला नेत नसतील. ती पोरीचं मनगट धरूनच न्यायची. बोट धरलं तर तारा बोट सोडवून टांग्यामागे पळायची, शेळीमागे पळायची, काही नसलं तर नुसतीच पळायची. फाटकातून आत सोडल्यावर घंटा होईपर्यंत अनुपमा रस्त्याच्या कडेला उभी राहायची, पोर वर्गात शिरल्याचं डोळ्यांनी बघायची आणि मग घरी यायची. मग हे नऊ दिवस आले कुठून?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पंजाबराव गुरुजींच्या पुढ्यात उभी राहिली. गुरुजी पन्नाशीचे, काळा कोट, कोटाच्या बाहीवर खडूची पांढरी भुकटी. वर्गात अठ्ठावन्न मुलं तरटाच्या पट्ट्यांवर बसत. हजेरी घेताना गुरुजी मान वर करत नसत. नाव, 'हजर', खूण. नाव, 'हजर', खूण.

"बाई, तुमी शिकेल सवरेल दिसता," गुरुजी म्हणाले, "पोरीले शाळेत धाडत नाई काहून?"

"मी रोज स्वतः आणून सोडते, गुरुजी."

"मंग फाटकातून येते अन् खिडकीतून जाते. एक डाव तर म्याच धरली खिडकीत. हजेरी होईस्तोर पत्ता नाई, अन् हजेरी झाली का पा, हाजिर. वर्गभर उड्या मारून राहिली. याची पाटी पूस, त्याची टोपी उडव. अशी पोरगी मी तीस वर्षांत नाई पायली."

ताराला बोलावलं. ती एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या, मग टेबलाची कड नखानं खरवडू लागली.

"मी पट्टीवरच असते," ती म्हणाली. "गुरुजीच माझं नाव घेत नाहीत. माझा नंबर सदतीस, ते छत्तीसनंतर एकदम अडतीसचं नाव घेतात."

"आयका," गुरुजी म्हणाले. "आता मले गिनतीही येत नाई."

अनुपमानं ते मनात पुन्हा म्हटलं. छत्तीसनंतर एकदम अडतीस. पोर खोटं बोलत नव्हती. तिच्यापुरतं तसंच होत होतं.

घरी दूध पिताना ताराचा पेला ओठांशी थांबायचा. डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडणाऱ्या, चेहरा रिकाम्या खोलीसारखा. अनुपमानं मनात सात-आठ अंक मोजले की तारा परत यायची आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे चालू करायची, मध्ये काही झालंच नाही अशी. अनुपमा मनातल्या मनात त्याला 'ताराचं जाणं' म्हणायची. अमरावतीच्या डॉक्टरांना तिनं एकदा ते सांगितलं होतं. ते म्हणाले होते, मुलं लावतात तंद्री.

"गुरुजी, तुम्ही नाव दुसऱ्यांदा घेत नाही का?"

"एक डाव घेतो. ज्याचं ध्यान हाये तो हजर. नाई तो गैरहजर. अठ्ठावन्न नावं दोन-दोन डाव घेत बसलो त शिकवू कवा?"

आता सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण बाहेर पडलं ते वर्षभर घरात घोटलेलं वाक्य. "तिला पित्ताचा त्रास आहे."

"पित्तानं मळमळते, बाई. पित्तानं नाव आयकू येत नाई हे म्या पयल्यांदा आयकलं."

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला, पाहुण्यांनी भरलेल्या बैठकीत, तारा ताठ होऊन खाली पडली होती. हातपाय झटकत होते, तोंडाला फेस. सासूबाईंनी कोपऱ्यातला चामड्याचा जोडा तिच्या नाकाशी धरला होता. फिट दोन मिनिटांत थांबली, पोर झोपी गेली, आणि सासूबाई जोडा हातात तसाच धरून पाहुण्यांना म्हणाल्या, "पित्त खवळलं. फराळाचं फार झालं." तेव्हापासून त्या घरात दुखण्याचं नाव पित्तच. रमाचं, म्हणजे अनुपमाच्या नणंदेचं, लग्न व्हायचं होतं. घरात मिरगी आहे म्हटल्यावर रमाला कोण करून घेणार होतं? औषधही अकोल्यातून आणायचं नाही. अनुपमा माहेरी जाते म्हणून अमरावतीला जायची आणि छोट्या पांढऱ्या गोळ्यांची पुडी ब्लाउजमध्ये खोचून परत यायची.

"हजेरीचं पुस्तक मला एकदा बघू द्याल?" तिनं विचारलं.

गुरुजींनी जरा चमकून पुस्तक पुढे सरकवलं. सदतीस नंबरच्या ओळीत निळ्या शाईनं बारीक 'गै' लिहिलेले. जुलैत एक. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात एकही नाही. मग नागपंचमी, आणि तिच्यानंतर पाच. सप्टेंबरात नऊ.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी अमरावतीच्या डॉक्टरांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या होत्या.

कॉलेजात तिनं तर्कशास्त्र घेतलं होतं. एकामागून दुसरं आलं म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण ठरत नाही, हे तिला पाठ होतं. पण आणखीही काही तिच्या ध्यानात होतं. दोन गोळ्या झाल्यापासून पोर झोपत नव्हती. पहाटेच उठून भांडी वाजवायची. आधी दहा मिनिटं एका जागी बसायची, आता दोन नाही. चिडली की स्वतःच्याच मनगटाला चावायची. मोठी फिट मात्र पुन्हा आली नव्हती, आणि घरात सगळ्यांना तेवढंच दिसत होतं.

तिनं वहीच्या पानावर तारखा उतरवून घेतल्या. गुरुजी म्हणाले, "तारखा लिहून का होते, बाई? पोरीले दोन धपाटे द्या."

शनिवारी आईला बरं नाही असं सांगून ती निघाली. बडनेऱ्याला गाडी बदलताना ताराला फलाटाच्या नळाशी बसवून तिनं एका हातानं तिची वेणी धरून ठेवली. शेजारच्या बाईनं विचारलं, "काहून हो, पोरगी पळून जाते का?" अनुपमा हसली. असल्या प्रश्नाला ती आताशा हसायची. उत्तर द्यायला लागलं तर कुठपर्यंत देणार?

डॉक्टर म्हातारे होते, कमी बोलणारे. त्यांनी ते पान चष्मा कपाळावर सारून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे कोणी टिपलं?"

"शाळेच्या गुरुजींनी. आपण काय टिपतो हे त्यांना माहीत नाही."

त्यांनी ताराला जवळ घेतलं आणि कागदाचा कपटा तोंडापुढे धरून जोरजोरानं फुंकायला लावलं. दोन मिनिटं तिनं आनंदानं फुंकलं. मग कपटा हलायचा थांबला. पापण्या फडफडल्या. डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिले. नऊ सेकंदांनी तारा म्हणाली, "आणखी फुंकू?"

"तुम्ही मागे सांगितलं होतंत," डॉक्टर म्हणाले. "मी ऐकायला हवं होतं. ह्याही फिटाच आहेत, लहान जातीच्या. ही गोळी मोठीला आवरते, लहानीला नाही. कधी लहानी वाढतेसुद्धा."

"आणि हा धिंगाणा? झोप नाही, बसणं नाही. तेही त्यातलंच का?"

"गोळीनं वाढलं असेल. काही मुलांत वाढतं. मुळात होतं का?"

"पोटात असतानाही स्वस्थ नव्हती."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "मग एकाच मुळाच्या दोन फांद्या असतील, नाहीतर दोन वेगळी झाडं शेजारी-शेजारी उगवली असतील. अशी मुलं मी पाहिलीत ज्यांना दोन्ही आहे. का आहे, ते मला सांगता येत नाही. आज कोणी नक्की सांगेल असंही वाटत नाही." त्यांनी कागद ओढला. "दुसरं औषध नागपूरहून मागवू. जुनं हळूहळू कमी करायचं, एकदम नाही, नाहीतर मोठी फिट येईल. या दोन महिन्यांत दिवसातून किती वेळा होतं ते मला कळायला हवं. घरी तुम्ही बघाल. शाळेत कोण बघणार?"

अनुपमा तारखांच्या पानाची घडी घालू लागली.

"शाळेत सांगावं लागेल, बाई. दुसरा उपाय नाही. मोठी तिथेच आली तर काय करायचं, तेही त्यांना ठाऊक हवं."

परतीच्या गाडीत ती तेच घोळवत होती. सांगितलं तर पोर शाळेत राहील. सांगितलं तर पोर जन्मभर मिरगीवाली होईल, आणि रमाचं अकोटचं स्थळ, जे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं, तेही जाईल. हे ज्याच्याशी बोलावं असं एकही माणूस तिला आठवेना. आईशी बोलायचं तर आई रडायची. मैत्रिणी लग्न होऊन पांगलेल्या. तारा खिडकीच्या गजांत डोकं घालून ओरडत होती, आणि अख्ख्या डब्यानं अनुपमाकडे बघून ठरवून टाकलं होतं की आईचं वळण नाही.

तिचा नवरा कमलाकांत वकील माणूस. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण तुळशीच्या लग्नानंतर रमाचं उरकेल. मग सांग कोणालाही."

"तोवर नाव कमी होईल हो."

"होऊ दे. पुढल्या वर्षी पुन्हा घालू. मुलगी आहे, दुसरीत दोन वर्षं बसली तर काय बिघडतं?"

"आणि मोठी फिट शाळेत आली तर?"

"मग घरीच ठेव ना तिला."

त्यानं दिव्याची वात कमी केली आणि खटल्याचे कागद बांधायला घेतले. तो वाईट नव्हता. तो फक्त, जशी कोर्टात, तशी इथेही तारीख मागत होता.

सोमवारी 'गै' अकरा झाले. मंगळवारी बारा. बुधवारी अनुपमा शाळा भरायच्या आधी गुरुजींकडे गेली आणि एका दमात सांगितलं. पित्त नाही. फिट आहे. मोठी कशी असते, लहान कशी असते, कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, जोडा हुंगवायचा नाही.

गुरुजींनी दौतीचं झाकण फिरवून लावलं.

"लागट हाये का?"

"नाही."

"बाकीच्या लेकराईले काई होत नाई?"

"काही नाही."

"बसा मंग इथीसा. पाहू द्या मले."

ती दाराशी बसली. हजेरी सुरू झाली. पहिल्यांदाच गुरुजी मान वर ठेवून नावं घेत होते, त्यामुळे सगळी मुलं बिचकून सरळ बसली होती. सदतीसवर तारा मोठ्यानं, जवळजवळ ओरडून, 'हजर' म्हणाली. गुरुजींनी अनुपमाकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हे म्हणतील की बाई, तुमचंच डोकं ठिकाणावर नाही. ती तशीच बसून राहिली. अर्ध्या तासानं, सातचा पाढा म्हणता म्हणता, सात चोक अठ्ठावीसवर ताराचा आवाज थांबला. वर्ग पुढे गेला. ती तोंड अर्धं उघडं ठेवून समोर बघत होती, आणि सात नव्वे त्रेसष्टला जोरात सामील झाली.

गुरुजींनी वर्गाला पाटीवर लिहायला सांगितलं आणि ते दाराशी आले.

"म्या तिले छडी मारली, बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "याच्याचसाठी. तीनदा. पुसलं का नाव काहून नाई आयकलं, त नुसती पायत राहिली माह्याकडे. मले वाटलं माजली."

त्या दिवसापासून ते पुस्तकात ताराच्या नावापुढे 'हजर' लिहू लागले, आणि वेगळ्या कागदावर वेळा. नाव कमी झालं नाही. त्यांनी कोणाला काही सांगितलंही नाही. फक्त ताराच्या शेजारच्या पोरीला एवढं म्हणाले, का हिचं ध्यान गेलं तर मले हाक मार. ती पोर घरी जाऊन बोलली. पाचव्या दिवशी सासूबाई देवळातून आल्या त्या चप्पल न काढताच ओट्यावर बसल्या.

"वर्षभर पित्त म्हणत आले मी," त्या म्हणाल्या. "तू एका सकाळी सांडून मोकळी झालीस."

त्यानंतर त्या अनुपमाशी बोलल्या नाहीत. भाजीत मीठ कमी असलं तरी कमलाकांतला सांगायच्या. अकोटहून कार्ड आलं: पितृपक्ष झाल्यावर कळवू. नाही म्हटलं नव्हतं, पण ते वाचून कमलाकांत दोन दिवस जेवताना खाली बघत होता.

रमानं ते कार्ड स्वतः वाचलं, घडी करून कोनाड्यात ठेवलं आणि दुपारी परसात अनुपमाजवळ आली. अनुपमानं मनात क्षमेची वाक्यं जुळवून ठेवली होती.

"वहिनी, मोडलं तर मोडू दे," रमा म्हणाली. "पण गुरुजींच्या आधी मला सांगायला हवं होतंत. मी नको म्हटलं नसतं."

सगळ्या घरानं रमासाठी ठरवलं होतं, आणि अनुपमानंही, घराविरुद्ध जाताना, तेच केलं होतं. रमा वाळलेले कपडे खांद्यावर टाकून आत गेली.

नवं औषध नागपूरहून यायचं होतं. चार वाजता तारा शाळेतून आली, दप्तर दारात फेकलं आणि पेरूच्या झाडावर चढली. अनुपमा सवयीनं झाडाखाली जाऊन उभी राहिली, हात किंचित पुढे, डोळे तिच्या पापण्यांवर.

"आई," तारा वरून म्हणाली, "गुरुजी आता दिवसभर माझ्याकडेच बघतात. ती शेजारची पण बघते. मला नाही आवडत."

"तुझ्या भल्यासाठी बघतात."

"तू पण बघतेस. जेवताना, झोपताना. सारखी."

अनुपमानं हात खाली घेतले.

"सगळ्यात खालच्या फांदीवर ये," ती म्हणाली.

"का?"

"ये तर."

तारा खाली सरकली. आता पडली तरी मातीतच पडली असती, कमरेएवढ्या उंचीवरून. अनुपमा वळली आणि झाडाकडे पाठ करून धुण्याच्या दगडावर बसली. समोर कुंपणाची भिंत होती. पाठीमागे पानं खसखसत होती, पाय सालीवर घासत होते, तारा स्वतःशीच काहीतरी बडबडत होती. मग बडबड थांबली. अनुपमाची बोटं दगडाच्या कडेवर आवळली गेली. तिनं मान वळवली नाही.

बराच वेळ तिला काहीच ऐकू आलं नाही. मग पेरू खाल्ल्याचा कचकच आवाज आला.