टॅनची सुनावणी

खामगावला क्लासमध्ये बारावीचं गणित शिकवणारी अदीबा अकरा दिवसांपासून एकाच इंटिग्रलवर अडली होती: वर्गमुळातला टॅन एक्स. वही भरली, म्हणून वडनेर भोलजी गावातल्या आपल्या घराजवळ बसची वाट पाहताना तिनं ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं मांडलं. तेवढ्यात बस आली, पुसायचं राहून गेलं.

संध्याकाळी परतली तर वर कोणीतरी ‘जाहीर सूचना’ लिहून ठेवलं होतं आणि सात हरकती दाखल झाल्या होत्या. शेतकरी पंजाबरावांची हरकत अशी, की टॅनवर हे वर्गमुळाचं छप्पर टाकायला परवानगी कोणी दिली.

दुसऱ्या दिवशी सरपंच सिंधूताईंनी फळ्यासमोरच ग्रामसभा बोलावली. हे गणित आहे, सूचना नव्हे, असं अदीबानं परोपरीनं सांगितलं. पण फळ्यावर आलेलं निकालाशिवाय पुसता येत नाही, असं सिंधूताईंचं म्हणणं पडलं. या टॅनला नात्यातलं कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. अदीबा म्हणाली, कॉट आहे, त्याच्या बरोबर उलटा.

“मंग त्याले काऊन नाही बोलावलं?” सिंधूताई म्हणाल्या. “एकाचंच आयकून आमच्या इथं निकाल होत नाही.”

कॉट मध्ये आणला तर उत्तर बदलेल, असं अदीबानं सांगताच पंजाबराव उठले. “एका बाजूनं येऊ द्या, दुसऱ्या बाजूनं जाऊ द्या. हजेरी तं लागते त्याची.”

अदीबाचा खडू हातातच थांबला. कॉटचं मूळ एकदा मिळवायचं, एकदा वजा करायचं, दोन्हींचं अर्धं घ्यायचं. सभेकडे पाठ करून ती लिहीत सुटली. साइन वजा कॉस म्हणजे यू धरल्यावर पहिला तुकडा सुटला, मग दुसरा. वीस मिनिटं चहालाही कोणी उठलं नाही. शेवटी तिनं ‘अधिक सी’ लिहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

हा सी कोणाचा, असं सिंधूताईंनी विचारलं. कोणाचाच नाही, नुसता स्थिरांक आहे, कितीही असू शकतो, अदीबा म्हणाली. ग्रामसेवकानं लगेच ठरावात लिहिलं: सदर सी गायरानात जमा.

ठरावाच्या बाजूनं जवळजवळ सगळे हात वर गेले. विरोधात एकटे पंजाबराव. त्यांचं शेत गायरानाला लागून होतं, आणि सी पुढे केवढा होईल याची हमी अदीबाला काही देता आली नाही.