ऑर्गनखालची परळं

मी सुतार. नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड कसं वागतं ते मला कोणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. तो १९७२च्या मे महिन्यात उतरला. पण उतरलेला कोणाला दिसू दिला नाही, याचीच जास्त लाज वाटते.

आमच्या वस्तीजवळच्या चर्चमध्ये जुना पाइप ऑर्गन होता. भिंतीएवढं सागवानी कपाट, आत लाकडाच्या नि धातूच्या नळ्या, खाली चामड्याचा भाता. पुष्पलताबाई तीस वर्षं तो वाजवत होत्या. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून त्या कपाटात मातीची चार परळं पाणी भरून ठेवत. त्या वर्षी भावाकडे जबलपूरला जाताना त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली.

"रुपराव, रोज तेवढी परळं भरजा. बाकी काही करू नका."

एवढ्या धुडाला चार परळं पाणी? मला हसूच आलं. शिवाय खाप्याला साळ्याचं लग्न होतं, रोज कोण येणार? मी घरचा वाळ्याचा कुलर ऑर्गनपुढे लावला आणि टाकीत नळाची नळी बारीक सोडली. कुलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर ओल आतच कोंडते, हे नागपुरात शेंबडं पोरही सांगेल. पण धूळ येईल म्हणून मी शहाण्यानं सगळ्या खिडक्या लावल्या. उन्हाळ्यात प्रार्थना शेजारच्या हॉलमध्ये होई, त्यामुळे आत कोणी फिरकलं नाही.

आठ दिवसांनी दार उघडलं तर कुबट वास. भात्यावर पांढरी बुरशी, नळ्यांचे सांधे सुटलेले, पट्ट्या फुगून अडकलेल्या. कुलर हातगाडीवर घालून मी घरी नेला. मग परत येऊन परळं भरली. हो, तेव्हा भरली.

बाई जबलपूरहून परतल्या आणि चर्चची कमिटी बसली. "आत पाणी कोणी ठेवलं?" सेक्रेटरींनी माझ्याकडे बघत विचारलं. मी बोलणार तोच बाई उठल्या.

"पाणी मीच ठेवाले लावलं. रुपरावले काहून विचारता? त्यायनं मी सांगितलं तेवढंच केलं."

मी मान खाली घातली. एका शब्दानं ऑर्गन वाचला नसता, पण बाई वाचल्या असत्या. तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. ऑर्गन मोडीत गेला. हार्मोनियम आली, ती वाजवायला दुसरं माणूस आलं, आणि बाई शेवटच्या बाकावर बसू लागल्या.

एका संध्याकाळी त्या ती चार परळं घेऊन आमच्या घरी आल्या. "जिजाबाई, पाखरांले पाणी ठेवत जाजा यात," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. निघताना मला म्हणाल्या, "मनाले लावून घेऊ नका, रुपराव. चूक माही होती."

कुलरचं नाव न काढता मी त्यांना फाटकापर्यंत सोडून आलो.

बाई जाऊन आता सहा वर्षं झाली. जिजाबाई दर उन्हाळ्यात परळं कुंपणाच्या भिंतीवर मांडते. परवा तिनं चुलीपाशून हाक मारली, "आज तुमी भरा ना परळं. माहे हात कणकेत हायेत."

मी तांब्या घेऊन भिंतीपर्यंत गेलो. आणि भरलेला तांब्या तसाच परत आणला.